पायाखाली कोण आहे?

(तुळजापूर इथे भरलेल्या एक दिवसाच्या शिबिरातलं हे भाषण. महिला मंडळं, बचत गट आणि सल्ला केंद्रांच्या कार्यकर्त्या शिबिराला आल्या होत्या. बोलण्याचा बाज तसाच ठेवून मजकूर थोडा सावरून दिला आहे.)



मला आज ‘स्त्रियांवरील अत्याचार आणि आपली जबाबदारी’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. या विषयावर आपण सगळ्याजणींनी इतकी भाषणं ऐकली आहेत, की पहिलं वाक्य कुठलं येणार आणि शेवटचं कुठलं, हे तुम्हीच मला सांगाल. म्हणून आज मी एक चित्र घेऊन आले आहे. मी जन्मभर चित्रकलेची शिक्षिका. दुसरं काही येत नसलं तरी चित्र दाखवता येतं. पुठ्ठ्यावर चिकटवलेला हा फोटो हातोहात मागेपर्यंत जाऊ द्या. नीट बघा. घाई नाही.

महिन्यापूर्वी हाच फोटो मी आमच्या गटाच्या बैठकीत दाखवला होता. काय दिसतं, एवढंच विचारलं. एकजण म्हणाली, “उघडा बाप्या आहे, हातात तलवार आहे.” दुसरी म्हणाली, “दुसऱ्या हातात मुंडकं आहे, बाईचं.” तिसरी म्हणाली, “रगत गळतंय.” मग एका आजींनी फोटो डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “हा परसराम आहे. आईचं डोकं उडवल्याला.”

आजींचं चुकलं होतं, पण फार चुकलं नव्हतं. हा परशुराम नाही. याचं नाव पर्सिअस. ग्रीक पुराणातला वीर. आणि ते मुंडकं मेडुसा नावाच्या बाईचं. इटली देशात फ्लॉरेन्स नावाचं शहर आहे, तिथल्या मुख्य चौकात हा ब्राँझचा पुतळा उभा आहे. बेन्वेनुतो चेल्लिनी नावाच्या सोनाराने तो घडवला. १५४५ साली काम हाती घेतलं आणि १५५४ साली पुतळा लोकांपुढे आला. म्हणजे शिवाजीमहाराजांच्या जन्माच्या पाऊणशे वर्षं आधी. मी फ्लॉरेन्सला गेलेली नाही. परीक्षेच्या पुस्तकात हा पुतळा ‘प्रबोधनकाळातील शिल्पकलेचा उत्कृष्ट नमुना’ म्हणून पाठ केला आणि पुढे कित्येक वर्षं मुलांना तसाच शिकवला. दंडाचे स्नायू बघा, पायाचा तोल बघा, असं सांगायची. पायाखाली काय आहे, ते कधी सांगितलं नाही.

आता तुम्ही बघा. त्याच्या पायाखाली उशी आहे. उशीवर एका बाईचं धड आहे, मुडपून, दुमडून टाकलेलं. नागडं. एक हात खाली लोंबतो आहे. त्या धडावर तो पाय देऊन उभा आहे.

चौकातला वीर

हा पुतळा कसा झाला त्याची हकिगत चेल्लिनीने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. माणूस बढाईखोर, पण सांगतो झकास. आधी मेणाचा आकार करायचा, वर माती लिंपायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. आपल्याकडचे ओतारी मूर्ती करतात तीच रीत. ऐन वेळी चेल्लिनीला ताप भरला. तो अंथरुणावर पडला आणि इकडे भट्टीतला रस गोठायला लागला. तो उठून धावला, ओकाची वाळकी लाकडं भट्टीत घातली आणि रस पातळ होईना म्हणून घरातली कथलाची ताटं, वाडगे, थाळ्या, जवळजवळ दोनशे नग, भट्टीत टाकले. पुतळा उतरला.

हे वाचताना मला कुतूहल वाटलं ते त्याच्या घरातल्या बाईचं. तिचं नाव फिओरे. घर सांभाळणारी. ताप भरला तेव्हा त्याला रागावणारी आणि त्याचं सगळं करणारी तीच. दुसऱ्या दिवशी कथलाच्या ताटांच्या जागी बाजारातून मातीची भांडी आली. पर्सिअसच्या अंगात त्या स्वयंपाकघरातली ताटं आहेत. पुतळ्याच्या छातीवरच्या पट्ट्यावर मात्र नाव एकट्या चेल्लिनीचं.

याच आत्मचरित्रात, फ्रान्समध्ये असताना समोर उभी राहणारी कातेरिना नावाची मुलगी आपण केस धरून कशी फरफटवली, लाथा घालून कशी मारली, हेही त्याने लिहिलं आहे. लाजून नव्हे, पराक्रम सांगावा तसं.

पुतळा करवून घेतला तो फ्लॉरेन्सचा सत्ताधीश कोसिमो दे मेदिची याने. मेदिची हे तिथलं धनाढ्य सावकार घराणं. लोकांनी त्यांना हाकललं होतं आणि शहरात लोकांचं राज्य आणलं होतं. पुढे मेदिची परत आले. अशा शहराच्या चौकात तलवार आणि मुंडकं घेतलेला तरुण उभा केला, की विरोध करणाऱ्यांनी काय समजायचं ते समजावं. अभ्यासक या पुतळ्याचा असा अर्थ लावतात आणि तो पटण्यासारखा आहे. पण एक विचारू? हरवलेला शत्रू दाखवायचा तर बाईचंच धड का घ्यावं लागलं? दंगलीत, लढाईत, गावच्या भांडणात दुसऱ्या बाजूला धडा शिकवायचा म्हणून कुणाच्या अंगावर हात टाकतात, ते तुम्हाला सांगायला नको.

त्या चौकात त्याआधी एका बाईचाही पुतळा होता. दोनातेल्लो नावाच्या शिल्पकाराचा, तोही ब्राँझचाच. ज्युडिथ ही विधवा. गावाला वेढा घालून बसलेल्या सेनापतीच्या तंबूत ती जाते, तो दारू पिऊन पडलेला असताना त्याचं डोकं उडवते आणि गाव वाचवते. मेदिचींना हाकलल्यावर, १४९५ साली, लोकांनी हा पुतळा त्यांच्या वाड्यातून काढून सरकारी वाड्यासमोर बसवला. नऊ वर्षांनी, १५०४ च्या जानेवारीत, मायकेलअँजेलोचा डेव्हिड कुठे ठेवायचा यावर बैठक झाली. शहराचा घोषक उठला आणि म्हणाला, ज्युडिथ तिथून हलवा. ते अशुभ चिन्ह आहे. बाईने पुरुषाला मारावं हे बरं नव्हे. ती तिथे बसल्यापासून आपलं वाईटच होत गेलं. बैठकीचा वृत्तांत आजही आहे. ज्युडिथ हलली, तिच्या जागी डेव्हिड आला. पुढे तिला चौकाच्या कडेच्या कमानींच्या मंडपात ठेवलं. त्याच मंडपात अर्धशतकाने पर्सिअस आला. आणि १५८० नंतर ज्युडिथला तिथूनही उठवलं. कशासाठी? तर बायकांना पळवून नेणाऱ्या पुरुषाचा संगमरवरी पुतळा तिथे बसवायचा होता म्हणून.

बाईने पुरुषाला मारलं तर अपशकुन. पुरुषाने बाईला मारलं तर कला.

गोष्टीची सुरुवात कापली

आता मेडुसा कोण? सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी: ती राक्षसीण होती, डोक्यावर केसांऐवजी साप, जो तिच्याकडे पाहील तो दगड होई. पर्सिअसने ढालीत तिचं प्रतिबिंब पाहून, ती झोपेत असताना, तिचं डोकं उडवलं. वीराचा जयजयकार.

पण ही गोष्ट मधून सुरू होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ओव्हिड नावाच्या रोमन कवीने आधीचा भाग सांगितला आहे. मेडुसा ही देखणी मुलगी. तिचे केस तर फारच सुंदर. मिनर्व्हा देवीच्या देवळात समुद्राचा देव नेपच्यून याने तिच्यावर बलात्कार केला. देवीने काय केलं? तोंड फिरवलं. ढालीआड डोळे झाकून घेतले. आणि देऊळ बाटलं म्हणून शिक्षा दिली ती मेडुसाला. तिच्या केसांचे साप केले. नेपच्यूनला कुणी काही बोललं नाही.

पर्सिअसने तिला मारलं तेव्हा ती गरोदर होती, असंही ती गोष्ट सांगते. तिच्या मानेतून पंखांचा घोडा निघाला. आणि ते कापलेलं मुंडकं शेवटी मिनर्व्हाच्याच अंगावर मिरवलं.

पुतळ्याच्या खाली जो चौथरा आहे त्याच्या चार बाजूंना चार कोनाडे आहेत. एकात ज्युपिटर, एकात मर्क्युरी, एकात मिनर्व्हा, एकात लहानगा पर्सिअस आणि त्याची आई. नेपच्यून कुठेच नाही. कोरणाऱ्याला आठवण नव्हती असं म्हणावं, तर पुढच्या वीस वर्षांत त्याच चौकात नेपच्यूनचं मोठं कारंजं झालं. पांढऱ्या संगमरवराचा उंचनिंच नेपच्यून मधोमध उभा आहे. म्हणजे एकाच चौकात, हाकेच्या अंतरावर, जिच्यावर बलात्कार झाला तिचं धड पायाखाली आहे आणि ज्याने केला तो कारंज्यावर.

ही परक्यांची गोष्ट, आपल्याला काय, असं म्हणू नका. आपल्या जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. तेर म्हणजे जुनं तगर, दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल रोमपर्यंत जायचा. तिकडूनही माणसं, नाणी, मूर्ती आल्या. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४० नंतरच्या दशकात ब्राँझच्या वस्तूंचा साठा सापडला. त्यात हाच समुद्रदेव आहे, वीतभर उंचीचा. त्याच साठ्यातल्या एका गोल तबकडीवर पर्सिअसही ओळखला गेला आहे. दोघे वीरपुरुष इथवर पोचले. मेडुसाची गोष्ट तेवढी वाटेत राहिली.

मी मिनर्व्हा झाले होते

गोष्ट कुठून सुरू करायची, हे कोण ठरवतं? आपल्या सगळ्या कामाचं मूळ या प्रश्नात आहे, असं मला हल्ली वाटतं.

१९७२ साली, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एक आदिवासी मुलगी तक्रारीच्या चौकशीसाठी गेली. तिथल्या पोलिसांनी आपल्यावर बलात्कार केला, असं तिने सांगितलं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष ठरवलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, तिला शरीरसंबंध नवा नव्हता. हा मथुरा खटला. देऊळ काय आणि पोलीस ठाणं काय, जिथे आसरा मागायचा तिथेच घात झाला आणि चौकशी झाली ती तिच्या चालचलणुकीची. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला उघड पत्र लिहिलं, १९८० साली बायका रस्त्यावर आल्या, १९८३ साली कायदा बदलला. बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष खोडायची मुभा देणारं कलम जायला मात्र २००३ साल उजाडलं. आणि दोन बोटांची ती अपमानकारक तपासणी करू नका, हे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्येही पुन्हा बजावावं लागलं.

न्यायालयाचं, पोलिसांचं सांगणं सोपं आहे. आता माझं सांगते. हे मी आजवर कुठल्या शिबिरात सांगितलेलं नाही.

१९९५ साल. किल्लारीच्या भूकंपाला दोन वर्षं झाली होती. मी एका शाळेत शिकवत होते. नववीत एक मुलगी होती. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ही आजीजवळ राहायची आणि वस्तीवरून रोज चालत शाळेत यायची. हात चांगला होता तिचा. एका सकाळी पहिली घंटा होऊन गेल्यावर ती चित्रकलेच्या खोलीच्या दारात उभी राहिली. ओढणीला माती लागलेली. म्हणाली, “बाई, वाटंत एक माणूस…” आणि थांबली.

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, “पण तू आडवाटेनं एकटी का आलीस?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “काही नाही बाई. उशीर झाला म्हणून सांगाय आले.” आणि वर्गात गेली.

मी तिच्या मागे गेले नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली नाही. उन्हाळ्यात लग्न झाल्याचं कळलं. हजेरीपटावर तिच्या नावावर लाल रेघ मारली ती मीच, वर्ग माझ्याकडे होता म्हणून.

आज कायदा वेगळा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षिकेलाही. पण तेव्हा कायदा आडवा आला नव्हता. मी वाईट बाई नव्हते. त्या मुलीवर माझा जीव होता. तरी माझ्या तोंडून पहिला प्रश्न तोच आला, कारण लहानपणापासून माझ्या कानांवर तोच पडला होता. तिने गोष्ट जिथून सुरू केली होती, तिथून मी ती उचलून दुसरीकडे नेली. ती सांगत होती, वाटेत एक माणूस. मी सुरुवात केली, तू एकटी. त्या माणसाला मी गोष्टीतून काढून टाकला. चौथऱ्यावरून नेपच्यून काढून टाकावा, तसा.

मेडुसाला शिक्षा देणारी बाईच होती, हे वाचलं तेव्हा माझे हात थंड पडले. पुरुषसत्ता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पर्सिअस येतो, तलवारवाला. पण त्याच्या हातात ढाल दिली कुणी? मिनर्व्हाने. सासू, शिक्षिका, नर्सबाई, सरपंचबाई, आणि सल्ला केंद्रात टेबलामागे बसलेली कार्यकर्ती. आपल्यापैकी कुणीही मिनर्व्हा होऊ शकते. त्यासाठी फार काही करावं लागत नाही. तोंड फिरवलं की झालं.

नदीकाठची अनुभूती

आता इथल्या इथे या. आपण बसलो आहोत तिथून देऊळ चालत दहा मिनिटांवर आहे. आई भवानीची मूर्ती कुठली? महिषासुरमर्दिनीची. काळ्या पाषाणाची, आठ हातांची. पायाखाली रेडा, त्याच्या अंगात त्रिशूळ. साडी, दागिने, कवड्यांची माळ यांत आपल्याला मुखच तेवढं दिसतं. म्हणून खाली काय कोरलं आहे, ते बहुतेकींनी पाहिलेलं नसतं.

तुळजाईची कथा तुमच्यातल्या आराधी बायका माझ्याहून चांगली सांगतील. कर्दम ऋषी वारले. त्यांची बायको अनुभूती. पदरात तान्हं मूल, म्हणून ती सती गेली नाही. मूल घेऊन मंदाकिनीच्या काठी तप करायला बसली. विधवा, तरुण, एकटी, नदीकाठी. तिथे कुकर नावाचा दैत्य आला आणि तिच्या अंगाशी गेला. तिने देवीचा धावा केला. देवी त्वरेने आली, म्हणून त्वरिता. त्वरिताची तुरजा, तुरजाची तुळजा, असं सांगतात. दैत्याने रेड्याचं रूप घेतलं, देवीने त्याला मारलं आणि अनुभूतीच्याच विनवणीवरून ती या डोंगरावर राहिली. आणि ही अनुभूती मूर्तीतही आहे. पायाशी तप करणारी बाई कोरलेली आहे, ती अनुभूती, असं मानतात.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. दोन्हीत एकट्या बाईवर हात टाकला जातो. दोन्हीत शस्त्र धरलेली देवी आहे. एक देवी तोंड फिरवते आणि बाईला शिक्षा करते. दुसरी धावत येते. तिने अनुभूतीला विचारलं नाही, की तू विधवा असून एकटी नदीकाठी कशाला आलीस. हाक मारायला उशीर का केलास. त्याला तू आधीपासून ओळखत होतीस का. तिने पाहिलं एवढंच की हाक कुणाची आहे आणि हात कुणाचा आहे.

आपण वर्षानुवर्षं दर्शनाला उभ्या राहतो, ओटी भरतो, जोगवा मागतो. आणि पोरगी घरी येऊन काही सांगायला लागली की विचारतो, एकटी का गेलीस.

त्या आजी परशुराम म्हणाल्या होत्या, तेही सोडायचं नाही. रेणुका पाण्याला गेली, जळात खेळणाऱ्या राजाकडे क्षणभर तिचं मन गेलं, तेवढ्यावरून नवऱ्याने मुलांना सांगितलं, आईला मारा. थोरल्यांनी नाही म्हटलं, परशुरामाने डोकं उडवलं. पण लोकांनी काय केलं? माहूरला रेणुकेचं मुखच पुजलं जातं. धड नाही, हातपाय नाहीत, नुसतं मुख. बायका खेटे घालतात ते त्या मुखाच्या दर्शनाला. कापलेल्या डोक्याला त्यांनी आई म्हटलं. फ्लॉरेन्समध्ये डोकं ज्याच्या हातात आहे त्याचा मान, इथे डोक्याचा. ही जाण शिकलेल्यांनी दिलेली नाही, ओव्या म्हणणाऱ्या बायकांनी जपलेली आहे.

मग म्हसोबाचं काय?

आमच्या बैठकीत हे सगळं मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. तेव्हा कोपऱ्यात बसलेली एक बाई म्हणाली, “ताई, पायाखाली कोण ते बघा म्हणता. मग रेड्याकडं कोण बघणार? आमच्या बांधावर म्हसोबा आहे. आम्ही त्याला नारळ फोडतो.”

मी गप्प झाले. तिचं म्हणणं खरं होतं. दामोदर धर्मानंद कोसंबींनी लिहून ठेवलं आहे, की महाराष्ट्रात म्हसोबा आणि महिषासुर यांचं नातं आहे. कुठे देवी त्याला मारते, कुठे त्याच देवाची ती बायको असते. झारखंडमधले असुर आदिवासी महिषासुराला आपला पूर्वज मानतात, नवरात्रात दुःख पाळतात. म्हणजे पुराणातला राक्षस हा कुणाचा तरी देव असू शकतो. ज्यांनी गोष्ट लिहिली त्यांनी कुणाला राक्षस ठरवलं, हा प्रश्न आपल्या आवडत्या मूर्तीलाही विचारावाच लागतो. त्याने देवीचा मान कमी होत नाही. जी बाई अनुभूतीची हाक ऐकते, तिला म्हसोबावाल्या बाईचंही ऐकता आलं पाहिजे. आपल्या गावात अत्याचाराचा आळ आला की तो कुठल्या वस्तीवर पटकन चिकटतो आणि कुठल्या वाड्यावर कधीच चिकटत नाही, हे आपण पाहिलेलं आहे.

म्हणून नुसता पाय बदलून भागत नाही. लुचियानो गार्बाती नावाच्या अर्जेंटिनाच्या शिल्पकाराने २००८ साली उलटा पुतळा केला. मेडुसा ताठ उभी, हातात तलवार आणि पर्सिअसचं डोकं. २०२० साली तो न्यूयॉर्कला फौजदारी न्यायालयासमोरच्या बागेत काही काळ लावला होता. कित्येक बायकांना तो पाहून बळ आलं. कित्येकींनी विचारलं, हिच्या हातात पर्सिअसचं डोकं का, बलात्कार तर दुसऱ्यानेच केला होता. मलाही तेच वाटतं. नेपच्यून तिथेही सुटला. आपल्याला कुणाचं डोकं नको आहे. आपल्याला गोष्ट पहिल्यापासून हवी आहे, पूर्ण हवी आहे आणि जिची आहे तिच्या तोंडून हवी आहे.

आपल्या वहीचं पहिलं पान

आता कामाचं बोलते आणि थांबते.

आमच्या सल्ला केंद्रात नोंदीसाठी एक छापील फॉर्म होता. नाव, गाव, वय, जात, शिक्षण. आणि मग पहिला प्रश्न: ‘घटनेच्या वेळी आपण तिथे कोणत्या कारणासाठी गेला होता?’ हा फॉर्म कुणा दुष्टाने केलेला नव्हता, आम्हीच केला होता. मथुरा खटल्यावर पथनाट्यं केलेल्या आम्ही बायका. वर्षानुवर्षं आम्ही तो भरत होतो आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. मेडुसाचा फोटो बैठकीत फिरला त्या दिवशी आमच्यातल्या सर्वांत तरुण मुलीने फॉर्म समोर ठेवला आणि म्हणाली, “ताई, हे बघा, आपणही इथूनच सुरू करतो.”

आम्ही तो प्रश्न खोडला. आता पहिल्या पानावर नावगावाखाली फक्त कोऱ्या रेघा आहेत. वर लिहिलं आहे, ‘तिने सांगितलं तसं.’ ती जिथून सुरू करील तिथून. ती थांबली तर आपणही थांबायचं. नियम एवढाच, की तिचं बोलून होईपर्यंत ‘का’ने सुरू होणारा प्रश्न विचारायचा नाही. करून बघा, फार जड जातं. जीभ सारखी ‘का’कडे जाते. तारीख, वेळ, ठिकाण, साक्षीदार हे पोलिसांना लागतं, ते नंतर तिच्याबरोबर बसून लिहिता येतं.

जेवणाच्या सुट्टीत तुमचे फॉर्म, वह्या, रजिस्टरं बाहेर काढा. प्रत्येक गटाने आपला पहिला प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायचा. ज्यांचा प्रश्न बदलावा लागेल त्यांनी लाजू नये. मी तीस वर्षं उशिरा बदलला आहे.

आणि फोटो परत येऊ द्या माझ्याकडे. उद्या एका शाळेत आठवीच्या मुलामुलींना दाखवायचा आहे. या वेळी दंडाचे स्नायू शेवटी सांगेन.